दिल्ली-तोक्यो : अंतर एकच, वेळा दोन

दिल्ली ते तोक्यो हे हवाई अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर आहे. तोक्यो ते दिल्लीही अर्थात तेवढेच. तरीही दोन्ही शहरांच्या घड्याळांतील साडेतीन तासांचा फरक जमेस धरूनही, जाण्यापेक्षा येण्याला जास्त वेळ लागतो. हिवाळ्यात तर तासाहूनही जास्त. 'पृथ्वी फिरते म्हणून' असे उत्तर वर्गात हमखास येते. पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते. मग जातानाच उशीर व्हायला हवा होता! खरे म्हणजे पृथ्वीबरोबर हवाही फिरत असते. कारण शोधायचे ते उंचावरच्या वाऱ्यात.

हा वारा पद्धतशीरपणे मोजला तो वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने. तोक्योच्या ईशान्येस तातेनो येथील वेधशाळेचे ते प्रमुख होते. हायड्रोजन भरलेला फुगा सोडायचा, थिओडोलाइटमधून ठरावीक वेळाने त्याचे कोन मोजायचे आणि त्यावरून वाऱ्याची दिशा व वेग काढायचा, अशी त्यांची साधी पद्धत. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी असे बाराशेहून अधिक वेध घेतले. २ डिसेंबर १९२४ रोजी ९ किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा वारा सेकंदाला ७२ मीटर, म्हणजे तासाला सुमारे २६० किलोमीटर वेगाने वाहताना आढळला.

ओइशींनी १९२६ साली अहवाल छापला तो एस्परांतो या कृत्रिम भाषेत. सर्व देशांना वाचता यावा, हा हेतू. घडले उलटेच. परदेशात तो फारसा कोणी वाचला नाही.

२४ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेची बी-२९ विमाने तोक्योवर आली. पाठीमागून वाहणाऱ्या प्रचंड वाऱ्याने त्यांचा जमिनीसापेक्ष वेग तासाला सुमारे ७०० किलोमीटरवर गेला आणि बाँबचे नेम चुकले. त्याच महिन्यापासून जपानी लष्कराने याच वाऱ्यावर सुमारे ९,००० बाँबवाहू फुगे अमेरिकेकडे सोडले. मे १९४५ मध्ये त्यांपैकी एकाने ऑरेगनमध्ये सहलीला गेलेली पाच मुले आणि एका स्त्रीचा बळी घेतला. सर्वांसाठी लिहिलेल्या ज्ञानाचा पहिला मोठा उपयोग असा झाला.

हा वारा म्हणजे झोतवारा, अर्थात जेट प्रवाह. उष्ण कटिबंध आणि उत्तरेकडील थंड प्रदेश यांच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे परिवलन यांतून तो निर्माण होतो. हिवाळ्यात त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर भारतावरून जपानपर्यंत जाते. म्हणूनच आपले विमान त्यात सापडते. १९५२ मध्ये एका प्रवासी विमानाने त्याचा मुद्दाम आधार घेतला, तेव्हा तोक्यो-होनोलुलू प्रवास १८ तासांवरून साडेअकरा तासांवर आला.

जाताना वाचलेला वेळ येताना फिटतो का? अंतर ६,००० किलोमीटर, विमानाचा हवेतील वेग तासाला ९०० आणि वाऱ्याचा १०० किलोमीटर धरू. जाताना ६ तास, येताना साडेसात, एकूण साडेतेरा. वारा नसता तर १३ तास २० मिनिटे! दहा मिनिटांचा तोटा होतोच, कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. हे गणित विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावे.

आणि ओइशींची गोष्टही सांगावी. वेध अचूक घेणे हे अर्धे काम. ते योग्य माणसांपर्यंत, त्यांना समजेल अशा भाषेत पोहोचवणे हे उरलेले अर्धे. ते काम आपणा शिक्षकांचेही आहे.