होसूर रस्त्याचे दुसरे टोक

बंगळुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत प्रवासाचा विषय निघाला की प्रथम पुण्या-मुंबईच्या आरक्षणाची चौकशी होते, मग उटी, कूर्ग किंवा हंपीची. यात गैर काहीच नाही. परंतु महसूल आणि दप्तर यांत आयुष्य गेलेल्या माणसास प्रवासाचा आराखडा थोडा निराळा सुचतो. कोणत्या मुलखाचा कारभार कोठून चालत असे, हे पाहत पाहत जावे असे वाटते. एचएसआर लेआउटमधील वाचकांना तर अशा प्रवासाची दिशा आपल्या वसाहतीच्या नावातच लिहिलेली सापडेल. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या मधली म्हणून ही एचएसआर. त्यांपैकी होसूर रस्ता धरावा, तो पुढे तंजावरकडे नेतो.

मात्र निघण्यापूर्वी एक अर्धा दिवस घरालगतच द्यावा. लेआउटच्या कडेला आगराचे तळे आहे. या गावच्या नवव्या शतकातील शिलालेखात दोन तळ्यांना मोऱ्या बसवून तिसरे तळे बांधल्याची नोंद आहे. ज्या पठारावर मोठी नदी नाही, तेथे वस्ती टिकवायची तर पावसाचे पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात उतरवत न्यावे लागते, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आजच्या नगररचनाकारांना ते दर पावसाळ्यात नव्याने आठवते! तेथून जवळच बेगूर आहे. तेथील नागेश्वर मंदिरातील इ.स. ९००च्या सुमाराच्या वीरगळावर बंगळुरूच्या लढाईचा उल्लेख आहे. म्हणजे केंपेगौडांनी शहर वसवण्यापूर्वी सहाशे वर्षे हे नाव रूढ होते.

या मुलखाशी मराठ्यांचा संबंध जडला तो १६३८ मध्ये. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने तिसऱ्या केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. हा काळ आठवताना आपले लोक कधी कधी ‘येथे आपले राज्य होते’ असे म्हणून जातात. हे विधान जपून करावे. शहाजीराजे विजापूरचे सरदार होते. स्थानिक पाळेगारांना समूळ उखडण्यापेक्षा खंडणी ठरवून कारभार चालवण्याकडे त्यांचा कल होता, आणि माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व याच शहाणपणात आहे. २३ जानेवारी १६६४ रोजी शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचे निधन झाले. दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे त्यांची समाधी आहे. ती दिशा अगदी वेगळी, तेव्हा तेथे स्वतंत्रपणे जावे. त्यांचे पुत्र एकोजी ऊर्फ व्यंकोजी यांनी मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला गाव इनाम दिल्याचा १६६९चा शिलालेख मात्र शहरातच आहे.

पुढे एकोजींनी तंजावर घेतले आणि गादी तिकडे हलवली. बंगळूर दूर पडले. इतक्या लांबून ठाणे राखण्याचा खर्च परवडेना, म्हणून १६८७ मध्ये त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांस विकण्याचा व्यवहार चालवला. तोवर मोगलांचा कासिमखान येऊन पोहोचला आणि अखेरीस त्याच्याकडूनच शहर म्हैसूरकरांकडे गेले. भावनेच्या दृष्टीने हा व्यवहार खटकतो. हिशेबाच्या वहीत तो चुकीचा ठरत नाही.

बंगळूर ते तंजावर हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर. होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी, तोप्पूरचा घाट, सेलम, नामक्कल, तिरुचिरापल्ली असा मार्ग. घाट उतरला की हवा बदलते, नामक्कलला एकाच प्रचंड खडकावरचा किल्ला दिसतो आणि त्रिचीनंतर कावेरीची सपाट, ओली भातजमीन सुरू होते. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा. म्हणून पोंगलनंतरचे, जानेवारीअखेरचे दिवस निवडावेत. एवढ्या वाटेत नाचणीचा प्रदेश मागे पडून भाताचा प्रदेश लागतो. तळ्यांच्या पठारावरची जहागीर सोडून कालव्यांचा मुलूख राजांना का रुचला असेल, हे वाहनाच्या खिडकीतूनच उमगते.

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१०च्या सुमारास पूर्ण केले. त्याच्याच आवारातील भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. घरापासून एवढ्या दूर, तमिळ शिलालेखांच्या शेजारी, ओळींमागून ओळी मराठी वाचताना मन क्षणभर अडखळते. तो कोरला गेला तेव्हा राज्य हातचे गेले होते. १७९९च्या तहान्वये कारभार कंपनीकडे जाऊन राजांकडे किल्ला, तनखा आणि मान एवढेच उरले होते.

अशा अवस्थेत सरफोजींनी कंपनीकडे आग्रह धरला तो छत्रांसाठी. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांनी बांधलेली ही अन्नछत्रे आणि धर्मशाळा. त्यांची व्यवस्था आपल्याकडे राहावी, असे त्यांनी इंग्रज रेसिडेंटास १८०१ मध्ये लिहिले. कोणत्याही जातीच्या वाटसरूस अन्न, आजाऱ्यास औषध, तान्ह्या मुलांस दूध, वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीची देखभाल हा सारा तपशील त्या पत्रव्यवहारात आहे. वसुलीचे अधिकार गेल्यावर राजाने वाटसरूंची जबाबदारी मागून घ्यावी, असे उदाहरण प्रशासनाच्या इतिहासात मला दुसरे चटकन आठवत नाही. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे १८०२चे मुक्तांबाळ छत्र आजही उभे आहे. त्याच्या जोत्याला रथाचा आकार दिलेला असून हत्ती-घोडे कोरलेले आहेत. बहुतेक सहलींच्या यादीत हे ठिकाण नसते. तंजावरात दोन दिवस राहून त्यातला अर्धा दिवस येथे द्यावा.

परतण्यापूर्वी सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय पाहावे. ते सर्वांना खुले आहे. छत्रांचे जमाखर्च, पगारपत्रके, राजवाड्यातील खरेदी हा सारा व्यवहार मराठीत, मोडी लिपीत लिहिला गेला. त्यातील पुष्कळ कागद तंजावरच्या तमिळ विद्यापीठातही आहेत. तमिळ अभ्यासकांनी त्यांवर बरेच काम केले आहे. मोडी वाचू शकणारी मराठी माणसे मात्र आपल्यांत थोडीच. घरात कोणी शिकण्यास उत्सुक असेल, तर निघण्यापूर्वी दोन-तीन महिने सराव करावा. मूळ कागद पाहावयाचे असल्यास परवानगीसाठी आधी पत्र पाठवावे.