समुद्र नसलेल्या वऱ्हाडातले मासेमार

छोटी मासेमारी आणि गरिबी म्हटलं की आपली नजर थेट कोकणातल्या कोळीवाड्यांकडे जाते. पण अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना समुद्राइतक्याच नदी-तलावातल्या मासेमारीलाही लागू आहेत. म्हणजे अमरावती-अकोल्यातला भोई समाजही या विषयात येतो. फक्त त्याला नुसतं ‘मासेमार’ म्हणून मोकळं होऊ नका.

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ बघा. (वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, म्हणून तो आपल्या कामाचा.) ढीमर, कहार, भोई तिथे एकाच नोंदीत आहेत, मासेमारीला लागूनच पालखी आहे, शिंगाड्याची लागवड आहे. त्यात नावेवरून पैलतीरी नेणं आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या धरा. वसाहती ग्रंथ जातीला धंदा चिकटवतात खरं, पण इथे निदान एकच धंदा चिकटवलेला नाही.

रेल्वे १८६७ मध्ये वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. मग सडका झाल्या, पूल झाले. पालखी गेली, नाव गेली. मासे राहिले.

आणि मग धरणं आली: मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धा, अकोल्याकडे महानचं काटेपूर्णा. माझ्या मते खरा बदल इथे आहे. नदीत मासळीचं बी पावसाळा आणायचा. धरणात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली विकत आणून सोडावी लागते. (१९५७ मध्ये हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन कार्प माशांची पैदास केली, त्यावर हा बोटुकलीचा सगळा धंदा उभा आहे. हे हिरालाल वेगळे!) वर सहकारी संस्था, ठेका, ठेक्याची रक्कम. म्हणजे जाळं टाकायच्या आधीच पैसा हवा. पाऊस कमी झाला की पाणी शहराला प्यायला राखून ठेवतात; सोडलेल्या बोटुकलीचं कर्ज मात्र राहतंच.

कायद्याचं एक कलम जरूर वाचा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, कलम १६५ खाली, गावाचा मासेमारीचा रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदवता येतो, पण सरकारी मालकीचं वा ताब्यातलं नसलेल्या पाण्यापुरताच. धरणाचं पाणी सरकारी. तिथे रिवाज चालत नाही, ठेका चालतो.

तेव्हा प्रश्नावली करताना ‘किती किलो मासळी?’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या महिन्यात घरात कोणत्या कामाचा पैसा येतो? बोटुकलीचे पैसे कुणाकडून उसने घेतले? बाजारात मासे विकणाऱ्या बाईचं नाव संस्थेच्या सभासद यादीत आहे का?