चादर फाडण्याइतकी स्वस्त झाली तेव्हा

जुनी चादर फाडायची, पट्ट्यांचा गुंडा करायचा आणि क्रोशाच्या जाडजूड सुईने त्याचं गोल पायपुसणं विणायचं, हा अमेरिकेतल्या घरांमधला जुना उद्योग. तिकडच्या बायका ही कला पणजीच्या काळची म्हणून सांगतात. पणजीपर्यंत ते खरं आहे. पणजीच्या पणजीकडे मात्र फाडायला चादर नव्हती.

अठराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये चादर ही मालमत्ता होती. घरातलं माणूस गेलं की त्याच्या चीजवस्तूंची यादी होई. तीत पलंग, भांडी यांच्याबरोबर चादरीही मोजून, किंमत लावून लिहिल्या जात. मधोमध विरलेली चादर उभी कापायची आणि दोन्ही धडके काठ मध्ये आणून जोडायचे. तीही विरली की बाळाची दुपटी, मग पुसायची फडकी. जमिनीवर पसरायला काही उरतच नसे, आणि बहुतेक घरांची जमीन उघडीच असे.

हे चित्र पालटायला सुरुवात झाली मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी. १८१४च्या सुमारास तिथे बोस्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची गिरणी चालू झाली. एकाच इमारतीत कापूस आत जाई आणि कापड होऊन बाहेर पडे. या गिरणीचं मुख्य कापड होतं चादरीचं, जाडंभरडं आणि बिनरंगी. कंपनीतले एक भागीदार नेथन ॲपलटन यांनी त्याचे भाव लिहून ठेवले आहेत: १८१६ साली वाराला ३० सेंट, १८२६ साली १३, आणि १८४३ साली साडेसहा. एका पिढीत चादर जवळजवळ पाचपट स्वस्त झाली.

या स्वस्ताईच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. त्याआधी अमेरिकन बंदरांत स्वस्त सुती कापड उतरे ते हिंदुस्थानातून. १८१६च्या जकात कायद्याने ठरवलं, की चौरस वाराला २५ सेंटांहून कमी किमतीचं कापडही २५ सेंटांचंच समजून जकात घ्यायची. हिंदुस्थानी कापड या एका कलमाने महाग झालं आणि वॉल्थमला बाजार मोकळा मिळाला. दुसरी गोष्ट कापसाची. तो दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांनी वेचलेला होता. काटकसरीच्या कौतुकात ही बाजू सहसा कुणी सांगत नाही, आणि ती सांगायलाच हवी.

तरीही चिंध्या लगेच घरात साठल्या नाहीत, कारण त्यांना गिऱ्हाईक होतं. कागद तेव्हा चिंध्यांपासून बनत असे. झीनस क्रेन यांनी १८०१ साली मॅसॅच्युसेट्समध्येच कागदाची गिरणी काढायचं ठरवलं, तेव्हा गिरणी उभी राहण्याआधी त्यांनी वर्तमानपत्रात निवेदन दिलं: घरोघरच्या स्त्रियांनी चिंध्या जपून ठेवाव्यात. खेडोपाडी पत्र्याची भांडी विकणारे फेरीवाले फिरत आणि भांड्यांच्या बदल्यात चिंध्या नेत. आपल्याकडच्या बोहारणीचाच हा व्यवहार. विरलेली चादर देऊन नवं पातेलं मिळत असेल, तर ती पायाखाली कोण घालणार?

१८४४ साली फ्रीडरिश केलर यांनी सॅक्सनीत लाकूड दळून कागदाचा लगदा करून दाखवला. यादवी युद्धानंतर अमेरिकेतली वर्तमानपत्रंही हळूहळू लाकडाच्या कागदाकडे वळली आणि चिंध्यांची ती मागणी ओसरू लागली. मधल्या काळात क्रोशाही घरोघर पोचला होता. १८४०च्या दशकात त्याच्या नमुन्यांची पुस्तकं निघाली, आयर्लंडच्या दुष्काळात बायकांनी क्रोशाच्या लेसवर घर चालवलं. नाजूक दोऱ्याचं हे काम चिंध्यांवर आलं ते मात्र अगदी रांगडं होऊन.

साधी वीण असलेली सुती चादर काठाला कात्रीने जरा चिरली, की पुढे हाताने फाडताना धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते. मधला विरलेला भाग बाजूला काढायचा, नाहीतर पट्टी ओढताना तुटते. ९० बाय १०० इंचांची धडकी चादर दीड इंचाच्या पट्ट्यांत फाडली, तर सुमारे १६५ वार लांबीचा गुंडा होतो. पट्ट्या जोडायला सुईदोरा लागत नाही: दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना छोटी चीर द्यायची, त्या चिरी एकमेकींवर ठेवायच्या, नव्या पट्टीचं दुसरं टोक खालून दोन्ही चिरींतून वर काढायचं आणि हलकेच ओढायचं. गाठ आपोआप बसते. मग पहिल्या फेरीत ६ मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत आणखी ६. वाढ कमी पडली तर कडा वाटीसारख्या वर येतात, जास्त झाली तर झालर सुटते. म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनी काम जमिनीवर सपाट ठेवून बघावं लागतं. सगळा कस इथेच लागतो. मनगटंही इथेच भरून येतात.

क्रोशा चिंध्यांवर आला त्याच काळात चिंध्यांच्या गालिच्यांचा दुसरा प्रकार फोफावला आणि त्याची नाळ थेट बंगालशी होती. ताग कातण्याची यंत्रं स्कॉटलंडमधल्या डंडीत १८३०च्या दशकात चालली. हिंदुस्थानातली पहिली ताग गिरणी १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा इथे निघाली. धान्याची, कॉफीची रिकामी गोणपाटं अमेरिकन घरांत पडू लागली. त्यांच्या सैल विणीतून आकडीने चिंध्या वर खेचून बायका फुलं, घोडे, जहाजं काढू लागल्या. मेन राज्यातल्या बिडफर्डचे एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट हे पत्र्याच्या भांड्यांचे फेरीवाले. १८६८पासून त्यांनी धातूच्या पत्र्यातून नक्षीचे साचे कापले आणि गोणपाटावर रंगीत नक्षी छापून विकली. कालपर्यंत दारोदार चिंध्या गोळा करणारा हा धंदा आता चिंध्या खपवण्याचं साधन दारोदार विकू लागला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉलेस नटिंग यांनी जुन्या घरांमध्ये बायकांना वसाहतकाळातले पोशाख चढवून छायाचित्रं काढली आणि हाताने रंगवून ती अमाप विकली. त्यांत जमिनीवर चिंध्यांचे गालिचे असत. लोकांनी ते वसाहतकाळातलेच मानले आणि तो समज अजून टिकून आहे. जाणकार मात्र गालिचा उलटा करून आधी पट्ट्यांचा रंग पाहतात. उजेड न लागलेल्या मागच्या बाजूला कोळशाच्या डांबरापासून केलेला जांभळा किंवा भडक गुलाबी रंग सापडला, तर तो तुकडा १८५६च्या आधीचा असूच शकत नाही. त्या साली विल्यम पर्किनला असा पहिला रंग प्रयोगशाळेत मिळाला होता.