क्षयरोगाचे आकडे: नर्स घरातल्या सगळ्यांची नावे का लिहिते?

घरात एकाला क्षयरोग (टीबी) असल्याचे निदान झाले की आरोग्य केंद्राची नर्स घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय आणि खोकला-ताप आहे का, हे विचारते. कामानिमित्त पेरुंगुडीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला ही चौकशी नकोशी वाटू शकते. घरमालकाला कळले तर काय, ही धास्ती असते. ही माहिती कशासाठी घेतात, ते समजून घ्या.

तीन महत्त्वाचे आकडे

• नवीन रुग्णांचा दर: वर्षभरात दर एक लाख लोकांमागे किती जणांना आजार नव्याने झाला. आजार वाढतो आहे की घटतो आहे, हे यावरून कळते.
• एकूण रुग्णांचे प्रमाण: आजघडीला जुने-नवे मिळून किती जण आजारी आहेत. औषधांचा साठा किती लागेल, हे यावरून ठरते.
• रुग्णमृत्यू प्रमाण: आजार झालेल्या दर १०० जणांमागे किती दगावले.

नुसती रुग्णसंख्या पुरेशी नसते. ५०० लोकांच्या वस्तीत १० रुग्ण आणि ५,००० लोकांच्या वस्तीत १० रुग्ण, यांत दहापट फरक आहे. म्हणून निरोगी माणसांचीही नोंद लागते. शिवाय त्यांच्यापैकी कोणाला संसर्ग झाला असल्यास तो लवकर सापडतो.

रुग्णाला घराबाहेर ठेवावे लागते का?

या प्रश्नाचे उत्तर चेन्नईतच मिळाले. १९५६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांवर घरी आणि काहींवर सॅनेटोरियममध्ये उपचार झाले. कोणाला कुठे ठेवायचे हे चिठ्ठी काढावी तसे ठरवले, म्हणजे दोन्ही गट सारखे राहिले. औषधे दोन्हीकडे तीच होती. घरी राहिलेल्यांचे बरे होण्याचे प्रमाण जवळपास सॅनेटोरियमइतकेच निघाले. त्यांच्या घरच्यांमध्येही आजार जास्त पसरला नाही. घरच्यांना मुख्य धोका असतो तो निदान होऊन औषध सुरू होण्याआधीच्या काळात.

म्हणून आजार लपवू नका. लपवल्याने हाच धोक्याचा काळ वाढतो. डॉक्टर सांगतील तितके दिवस मास्क वापरा, खोली हवेशीर ठेवा आणि औषध मध्येच सोडू नका.

पोषणाचा उपयोग

२०१९ ते २०२२ दरम्यान झारखंडमध्ये झालेल्या अभ्यासात, ज्या रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा मिळाला त्यांच्यात नवीन क्षयरुग्णांचा दर ३९ टक्क्यांनी कमी आढळला. याचा अर्थ १०० पैकी ३९ जण वाचले असा नाही. समजा, शिध्याविना दर हजारी २० जणांना आजार झाला असता, तर शिधा मिळाल्यावर तो सुमारे १२ जणांना होईल.

तुम्हाला काय मिळते?

• नि-क्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये थेट बँक खात्यात (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० रुपये).
• सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत.
• उपचार सुरू असताना गावी परतायचे असल्यास आधी केंद्रात सांगा. तुमची नोंद तिकडच्या केंद्राकडे पाठवता येते.

सोबत आधार कार्ड आणि बँक पासबुक न्या. अधिक माहितीसाठी नि-क्षय संपर्क हेल्पलाइन: १८००-११-६६६६ (निःशुल्क).