पदकांवरील मृत्यु



जुनीं नाणीं व पदकें जमविण्याचा छंद आपल्याकडे अपरिचित नाहीं. शिवराई, होन किंवा मोहर कौतुकानें दाखविणारे गृहस्थ आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. परंतु संग्राहकांचा एक पंथ असा आहे कीं, तो राजाचें मुख किंवा देवतेची मूर्ति शोधीत नाहीं. कवटी, हाडांचा सांगाडा, फांशीचा खांब अशीं चित्रें असलेलीं पदकें तो शोधीत असतो. ही अभिरुचि प्रथमदर्शनीं विकृत वाटते. पण जरा जवळून पाहिलें, तर तिच्यांत इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी असा एक मोठा धडा सांपडतो.

लंडनचे डॉक्टर फ्रेडरिक पार्क्स वेबर (१८६३–१९६२) हे या पंथाचे अध्वर्यु. व्यवसायानें वैद्य, त्यामुळें मरणाशीं त्यांची नित्याचीच गांठ. पदकें, कोरीव खडे, अलंकार अशा लहान कलावस्तूंवर मृत्यु कसा दिसतो, याविषयीं त्यांचा ग्रंथ १९१० सालीं निघाला आणि पुढें तो अनेक वेळां वाढवून छापला गेला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा: मृत्यूचें चित्र पाहून जिवंत माणसाच्या मनावर काय परिणाम होतो? हाच प्रश्न हातीं घेऊन आपण तीन वस्तु पाहूं.

पहिली वस्तु व्हेनिसची. जोव्हान्नी बोल्डू या चित्रकारानें १४५८ सालीं स्वतःचें पदक केलें. एका बाजूस त्याचें मुख आहे. दुसऱ्या बाजूस एक तरुण विवस्त्र बसला असून त्यानें डोकें हातांत धरलें आहे. जवळच एक पंख असलेलें बालक कवटीवर टेकलें आहे. भोंवतीं अक्षरें आहेत, त्यांचा अर्थ ‘मीच शेवट आहें’ असा. येथें मृत्यु कोणा शत्रूला दाखविलेला नाहीं. ज्याचें मुख पुढच्या बाजूस, त्यालाच मागची बाजू उद्देशून आहे. युरोपांतील अशा जुन्या पदकांचा पुष्कळदां हाच हेतु असे कीं, पाहणारानें स्वतःचा अंत स्मरावा.

दुसरी वस्तु इंग्लंडची, अठराव्या शतकाच्या अखेरची. त्या काळीं तेथें तांब्याच्या सुट्या नाण्यांची फार टंचाई असे. सरकारी टांकसाळ पुरेशीं नाणीं पाडीत नसे, म्हणून व्यापारी आपलीं खासगी टोकनें पाडून चालवीत. त्यांतच राजकीय टोकनेंही निघूं लागलीं. एका टोकनावर फांशीच्या खांबाला लोंबणारा मनुष्य असून त्याभोंवतीं ‘एंड ऑफ पेन’ असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ ‘वेदनेचा अंत’. परंतु येथें श्लेष आहे. ‘मानवाचे हक्क’ हा ग्रंथ लिहिणारा टॉमस पेन, त्याचाच अंत येथें अभिप्रेत आहे. मागील बाजूस उघडें पुस्तक, त्यावर ‘मानवाचे अपराध’ अशा अर्थाचे शब्द आणि २१ जानेवारी १७९३ ही तारीख. याच दिवशीं फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचा शिरच्छेद झाला.

आतां या साक्षीची उलटतपासणी करूं. पेन त्या वेळीं फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेचा सभासद होता, हें खरें. पण राजाचा वध करूं नये, त्याला अमेरिकेंत हद्दपार करावें, असें त्यानें त्याच सभेंत प्रतिपादन केलें होतें. म्हणजे ज्या कृत्याला त्यानें विरोध केला, त्याचाच दोष टोकनानें त्याच्या माथीं मारला. आणि ज्याला तांब्यावर फांशी दिलें, तो पुढें १८०९ पर्यंत जगला!

तिसरी वस्तु पहिल्या महायुद्धांतील. ७ मे १९१५ रोजीं आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीनें ‘लुसिटानिया’ हें इंग्रजी प्रवासी जहाज बुडविलें. जवळजवळ १,२०० माणसें प्राणांस मुकलीं. म्यूनिकच्या कार्ल गोएट्झ नांवाच्या पदककारानें या घटनेवर एक उपरोधिक पदक स्वतःच तयार केलें. त्याच्या एका बाजूस तोफा व विमानें लादलेलें बुडतें जहाज आहे. दुसऱ्या बाजूस कुनार्ड कंपनीची खिडकी आहे. आंत बसून एक सांगाडा प्रवाशांना तिकिटें विकीत आहे, आणि वर ‘धंदा सर्वांत श्रेष्ठ’ अशा अर्थाचे शब्द आहेत. धोका ठाऊक असून कंपनीनें पैशासाठीं माणसें मरणाच्या दारीं नेलीं, असा गोएट्झचा आरोप.

त्यानें तारीख मात्र ५ मे अशी घातली. वर्तमानपत्रांतील बातमीमुळें ही चूक झाली, असें त्यानें पुढें सांगितलें व ७ मे ही तारीख घालून पदकें पुन्हां काढलीं. पण तोंवर इंग्रजांच्या आरमारी हेरखात्याच्या हातीं पहिलें पदक लागलें होतें. मूळ पदकें थोडकीं, कांहीं शेंच. इंग्लंडांत त्याच्या २,५०,००० ते ३,००,००० नकला निघाल्या आणि पत्रकासह डबींत घालून विकल्या गेल्या. जर्मन लोक या हत्येचा उत्सव करितात, असा प्रचार झाला. दोन दिवस आधींची तारीख हा पूर्वनियोजित कटाचा पुरावा ठरविला गेला. चित्र तेंच, सांगाडाही तोच. केवळ डबी व पत्रक यांच्या योगानें आरोपी बदलला! नकल ओळखण्याची खूण एका अक्षराची आहे: मूळ पदकावर महिन्याचें नांव जर्मन ‘माइ’, नकलेवर इंग्रजी ‘मे’.

सत्य दोन्ही पक्षांना अडचणीचें होतें. जहाजावर बंदुकीचीं ४० लाखांहून अधिक काडतुसें होतीं. परंतु चित्रांतील तोफा व विमानें नव्हतीं. आणि बुडालेल्यांत बायकामुलें होतीं, हें तर कोणत्याही युक्तिवादानें पुसलें जाणार नाहीं.

कागद खोटा असूं शकेल, धातु खोटी बोलत नाहीं, असें सामान्यतः मानलें जातें. या तीन वस्तूंवरून दिसतें कीं, धातु फक्त टिकते. खरें बोलण्याची जबाबदारी ती घेत नाहीं. बोल्डूनें मृत्यूचें चित्र स्वतःकडे वळविलें. पुढच्या दोघांनीं तें दुसऱ्याकडे वळविलें, आणि त्याच क्षणीं सत्याचा विपर्यास सुरू झाला. म्हणून अशा पदकांच्या संग्राहकानें डबी व पत्रक फेंकूं नये. पदक कोणीं, केव्हां आणि कोणासाठीं काढलें, याची नोंद त्याच्याबरोबर ठेवावी. ज्या मृतांच्या नांवें हीं पदकें निघालीं, त्यांना स्वतःची बाजू मांडतां येत नाहीं. ती नोंद हीच त्यांची एकमेव वकिली होय.