बराकीतली संध्याकाळ

१९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. १९४९ साली त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. एकेका बराकीत अनेक बिऱ्हाडे. दिवेलागणीनंतर मुले वडीलधाऱ्यांकडून सुटलेल्या गावाच्या गोष्टी ऐकत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढे घरोघर संच आले आणि सांगणारेही पडद्याकडे पाहू लागले. त्या बालपणाचे गोडवे गाताना आपण विसरतो, की तो एकोपा बराच अंशी जागेच्या टंचाईतून आला होता. तरीही एक हानी खरीच. शेजारच्या अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६०पासून दगडात टिकून आहे. सिंधमधल्या त्या घरांची आठवण मात्र सांगणाऱ्याच्या जिभेवरच होती.