पडद्यावरचे मल्ल : फायटिंग गेमचा खेळाडू ‘व्यावसायिक’ कसा झाला?

१.
देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा या पट्ट्यात कुस्ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. जत्रेतला फड, हलगीचा ठेका, लहानग्यांच्या रेवड्यांवरच्या जोडी आणि अखेरची मानाची कुस्ती हे सारे आपल्या ओळखीचे. आजचा धागा मात्र पडद्यावर लढणाऱ्या मल्लांचा आहे. ‘स्ट्रीट फायटर’ किंवा ‘टेकन’ खेळून पोट भरता येते, ही गोष्ट जगाने केव्हा आणि कशी मान्य केली?

२.
प्रथम आपल्याच मातीतले एक उदाहरण पाहू, म्हणजे पुढची तुलना सोपी जाईल. हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. १९६९ साली लातूरलाच झालेल्या अधिवेशनात ते ‘महाराष्ट्र केसरी’ ठरले आणि १९७० साली एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पण घडण्यासाठी त्यांना कोल्हापूरची गंगावेश तालीम गाठावी लागली होती.

३.
कोल्हापूरच का? कारण शाहू महाराजांनी तिथे कुस्तीला राजाश्रय दिला होता. १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले होते. मल्लाच्या कारकिर्दीला चार आधार लागतात : सरावाची जागा, तोडीचे जोडीदार, खुराकाचा खर्च उचलणारा आश्रयदाता आणि विजयाला मान देणारी व्यवस्था. यांतला एक जरी निखळला तरी गुणी गडीही मागे पडतो. हे चार आधार लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्यांचाच आहे.

४.
१९९१ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ आर्केडमध्ये आणला. आठ योद्धे, त्यांत हातपाय लांबवणारा भारतीय योगी धालसिमही होता. त्याआधीच्या बहुतेक खेळांत माणूस यंत्राशी लढून गुणांचा आकडा वाढवीत असे. इथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी गाठ होती. यंत्राची चाल पाठ करता येते. माणसाची करता येत नाही. स्पर्धा जन्माला आली ती या फरकातून.

५.
गंमत अशी की या खेळाचा प्राण ठरलेली गोष्ट मुळात एक चूक होती. एका फटक्याची हालचाल पूर्ण होण्याआत दुसरा फटका जोडता येतो, हे निर्माते नोरिताका फुनामिझू यांना खेळाची तपासणी करताना आढळले. ते साधणे फार कठीण, म्हणून ती त्रुटी तशीच ठेवली गेली. खेळाडूंनी मात्र ती शोधली, घोटली आणि तिचे शास्त्र केले. सलग फटक्यांच्या त्या साखळीलाच आज ‘कॉम्बो’ म्हणतात.

६.
आता आर्केडचे अर्थकारण पाहा. दोघे खेळतात, जो हरतो तो उठतो, जो जिंकतो तो बसून राहतो. पुढचा नवा प्रतिस्पर्धी आपले नाणे टाकतो. म्हणजे ज्याचा हात चांगला, त्याला एकाच नाण्यात तासन्‌तास सराव मिळे आणि नवख्याचा खिसा लवकर रिकामा होई. कुणी न ठरवता आर्केडची तालीम झाली होती. पहिले दोन आधार, जागा आणि जोडीदार, इथे आपोआप मिळाले. उरलेले दोन मिळायला पुढची वीस वर्षे लागली.

७.
या तालमीतून आलेला सर्वांत प्रसिद्ध मल्ल म्हणजे दाइगो उमेहारा. जन्म १९८१, आओमोरी प्रांत, वाढला टोकियोत. १९९८ साली ‘स्ट्रीट फायटर झीरो ३’ या खेळाचे जपानी विजेतेपद त्याने जिंकले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकेचा विजेता ॲलेक्स व्हॅले याला हरवले. वय अवघे १७. परंतु या विजयानंतर त्याच्यापुढे नोकरी नव्हती, मानधन नव्हते, पुढची पायरीही नव्हती.

८.
अमेरिकेत १९९६ साली कॅलिफोर्नियातील खेळाडूंनी ‘बॅटल बाय द बे’ नावाची लहानशी स्पर्धा सुरू केली होती. २००२ मध्ये तिचे नाव ‘इव्होल्यूशन’, म्हणजे ‘इव्हो’ झाले. ती भरवणारे स्वतः खेळाडूच. आपल्याकडे गावकरी वर्गणी काढून फड भरवतात, तसाच तो प्रकार. मान होता, उदरनिर्वाह नव्हता.

९.
याच इव्होत, २००४ साली, या खेळाच्या इतिहासातील सर्वाधिक पाहिला गेलेला क्षण घडला. खेळ होता ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’. समोर अमेरिकेचा जस्टिन वाँग. दाइगोच्या ‘केन’ची शक्ती जवळजवळ संपलेली. वाँगच्या ‘चुन-ली’ने लाथांचा महाप्रहार सोडला. असा प्रहार हातांवर अडवला तरी थोडी शक्ती झिजतेच. आणि तेवढीही झीज केनला परवडणारी नव्हती.

१०.
सुटका एकच. प्रत्येक लाथ लागण्याच्या नेमक्या क्षणी दांडा प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने ढकलायचा. म्हणजे प्रहार निष्फळ होतो. क्षण चुकला तर अडवणेही हातून जाते. खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने धावत असतो. दाइगोने एकामागून एक सर्व १५ लाथा परतवल्या, शेवटची तर हवेत उडी घेऊन, आणि उलट कॉम्बोने सामना जिंकला. बलाढ्याच्या जोराचा उपयोग करून त्यालाच चीत करणे ही आपल्या आखाड्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे.

११.
इथे दोन गोष्टी सहसा विसरल्या जातात. पहिली : तो सामना अंतिम नव्हता. अंतिम फेरीत दाइगो हरला. त्या खेळाचे विजेतेपद केन्जी ओबाता या जपानी खेळाडूने नेले. दुसरी : जगभर लक्षावधी लोक ती चित्रफीत पाहू लागले, तेव्हा दाइगोने खेळणे सोडलेले होते. काही वर्षे त्याने माहजाँग या सोंगट्यांच्या खेळात नशीब अजमावले आणि नंतर वृद्धांच्या शुश्रूषागृहात नोकरी धरली. कीर्ती होती, आश्रयदाता नव्हता.

१२.
२००८ साली ‘स्ट्रीट फायटर ४’ आला आणि ओस पडू लागलेल्या आखाड्यात पुन्हा गर्दी झाली. दाइगो परतला. २००९ आणि २०१० अशी सलग दोन वर्षे त्याने इव्हो जिंकली. २०१० मध्येच खेळाची उपकरणे बनवणाऱ्या मॅड कॅट्झ या अमेरिकी कंपनीने त्याला करारबद्ध केले. फायटिंग गेमवर उपजीविका करणारा जपानचा पहिला व्यावसायिक खेळाडू तो हाच. पहिल्या मोठ्या विजयाला तेव्हा १२ वर्षे उलटली होती.

१३.
मग कंपनीला यातून काय मिळाले? खेळाडू ज्या दांड्यावर खेळतो तोच दांडा त्याच्या चाहत्यांना हवा असतो. संस्थानिकाला मल्लामुळे दरबाराची शान मिळे. कंपनीला खेळाडूमुळे ग्राहक मिळतो. पण आश्रय बाजाराच्या हाती गेला की बाजाराचे धोकेही सोबत येतात. २०१७ साली मॅड कॅट्झ दिवाळखोरीत निघाली. तोवर दाइगोला अन्य प्रायोजक मिळालेले होते. प्रत्येकाच्या नशिबी तसे असतेच असे नाही.

१४.
चौथा आधार, म्हणजे व्यवस्थेची मान्यता, आणखी अवघड निघाला. जपानमध्ये ग्राहकांना भुलवणाऱ्या बक्षिसांवर निर्बंध घालणारा कायदा आहे. खेळ विकणारी कंपनीच बक्षीस देत असेल, तर ते विक्रीचे आमिष ठरून १ लाख येनच्या मर्यादेत अडकू शकते. यावर तोडगा म्हणून २०१८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने ‘व्यावसायिक परवाना’ देण्यास सुरुवात केली.

१५.
इव्होचा माजी विजेता युसुके मोमोची याने हा परवाना नाकारला. व्यावसायिक कोण, हे परवाना देणाऱ्यांनी नव्हे तर खेळाने ठरवावे, अशी त्याची भूमिका. सप्टेंबर २०१९ मध्ये टोकियो गेम शोमधली कॅपकॉमची स्पर्धा त्याने जिंकली आणि परवाना नसल्याने बक्षिसाचा अगदी लहानसा भागच स्वीकारावा लागला. विजेता तोच, पण कागद नसल्याने इनाम कापले गेले. व्यवसायाची व्याख्या कुणी करायची, हा वाद इतका रोकडा असतो.

१६.
आता आपल्या शेजारी येऊ. लाहोरचा अर्सलान सिद्दीकी, खेळातले नाव ‘अर्सलान ॲश’. खेळ ‘टेकन ७’. त्याच्याकडे आर्केडमधला सराव होता आणि तोडीचे जोडीदार होते. बाहेर जाण्याचा रस्ता नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये जपानातील फुकुओकाच्या इव्होसाठी निघाला, तेव्हा व्हिसा आणि विमानबदलाच्या अडचणी तर होत्याच, शिवाय वाटेत पाकिस्तानी रुपये बदलून मिळेनात. थकूनभागून तो पोहोचला आणि ती स्पर्धा जिंकून गेला.

१७.
हा केवळ योगायोग असेल, असे वाटणाऱ्यांना उत्तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिळाले. लास वेगासच्या इव्होत त्याने अंतिम सामन्यात कोरियाचा दिग्गज ‘नी’ म्हणजे बे जे-मिन याला हरवले. पुढे २०२३ आणि २०२४ मध्येही त्याने तेथील विजेतेपद मिळवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅमला टेकनची जागतिक मालिका जिंकणारा आतिफ बट हाही पाकिस्तानचाच. म्हणजे लाहोरचे यश एकट्या अर्सलानचे नव्हते. तिथे एक अख्खी तालीम जगाच्या नजरेआड घाम गाळत होती.

१८.
भारताचे काय? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग मानून ते क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणले. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा खेळ होता. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले. पदक आले नाही. सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वू याने जिंकले. त्याचे वय होते ४४. मातीच्या कुस्तीत या वयात मल्ल लंगोट सोडून वस्ताद झालेला असतो.

१९.
ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला स्वतंत्र मान्यता मिळाली. कौशल्याची स्पर्धा वेगळी आणि जुगार वेगळा, ही रेषा कायद्याने आखली. घरोघरी मोबाइलवरून होणाऱ्या वादात ही रेषा नेमकी कुठे आहे, हे आईवडिलांनी आणि मुलांनी दोघांनीही समजून घेण्यासारखे आहे.

२०.
बक्षिसाचा आकडाही बदलला. फेब्रुवारी २०२४ च्या कॅपकॉम कपमध्ये विजेत्याला प्रथमच १० लाख डॉलर मिळाले. जिंकणारा तैवानचा ‘उमा’. मार्च २०२५ चा कप टोकियोच्या र्‍योगोकू कोकुगिकानमध्ये झाला आणि ‘काकेरू’ने तो जिंकला. र्‍योगोकू कोकुगिकान म्हणजे सुमो मल्लांचे राष्ट्रीय सभागृह. शतकानुशतके चाललेल्या मल्लविद्येच्या घरात पडद्यावरच्या मल्लांचा फड भरला, ही मान्यतेची सर्वांत बोलकी खूण.

२१.
मात्र हे १० लाख डॉलर एकालाच मिळतात. बाकीच्यांचे घर बक्षिसावर चालत नाही. ते प्रायोजक, थेट प्रक्षेपण, समालोचन आणि शिकवणी यांवर चालते. हेही कुस्तीसारखेच. बिराजदार पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. लातूरचे काका पवार आणि बीडचा राहुल आवारे हे त्यांचे शिष्य. २०१८ साली राहुलने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले तेव्हा वस्ताद हयात नव्हते. गुरूची कारकीर्द शिष्याच्या खांद्यावरून पुढे गेली होती.

२२.
दाइगोनेही काहीसे तेच केले. २०१५ च्या कॅपकॉम कपमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे ६० हजार डॉलर मिळाले, ते त्याने न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गेम सेंटरला शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकले. शुश्रूषागृहातल्या नोकरीचे दिवस पाहिलेल्या माणसाचा हा निर्णय आहे. पुढच्या पिढीला पहिल्या विजयानंतर १२ वर्षे थांबावे लागू नये, असा त्याचा अर्थ आपण लावू शकतो.

२३.
या इतिहासाचा सारांश काय? देगलूरच्या मुलाचा हात टोकियोच्या किंवा लाहोरच्या मुलापेक्षा मंद नसतो. फरक पडतो तो चार आधारांनी. दाइगोला जागा मिळाली, आश्रय उशिरा मिळाला. अर्सलानला जोडीदार मिळाले, वाट अवघड मिळाली. मोमोचीला विजय मिळाला, इनाम अडले. आपल्याकडे कायद्याची मान्यता आधी आली आहे. तालीम, जोडीदार आणि आश्रय अजून उभे करायचे आहेत. बिराजदारांच्या पिढीला तालमीसाठी कोल्हापूर गाठावे लागले. आजच्या मुलाने कुठे जावे, या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याला अजून द्यायचे आहे.

२४.
धागा इथे संपतो. तुमच्या गावच्या फडाची, तालमीची किंवा एकेकाळच्या व्हिडिओ गेम पार्लरची हकिकत माहीत असेल, तर खाली जरूर लिहा. साल, ठिकाण आणि आठवत असेल तर इनामाची रक्कमही लिहा. स्थानिक इतिहासाची पहिली कच्ची नोंद अशीच तयार होते.